ओठाला लावलेलं लाकूड

मूठवाल्या मावशी लाकडाचा मुका घेतात, अशी गल्लीत थट्टा चाले. थट्टा खोटी नव्हती. खिशातल्या चाकूला मूठ बसवायची तर लाकूड आतपर्यंत वाळलेलं हवं. ते ओळखायची रीत मावशींना वडिलांनी शिकवली होती. तुकडा खालच्या ओठाला टेकवायचा. ओल असेल तर गार लागतो. बोटं कामाने राठ होतात, त्यांना हे कळत नाही. ओठाला कळतं.

त्या ओठाच्या भरवशावर मावशींनी हयात काढली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला वाढवलं, त्याचा संसार मांडून दिला. गिऱ्हाईक आलं की त्या आधी त्याचा हात बघत. घाम येणाऱ्या हाताला गुळगुळीत हाडाची मूठ देत नसत, निसटते. शिंगाची मूठ नेणाऱ्याला बजावत, "उन्हात टाकलीस तर वाकडी होईल. अधूनमधून तेलाचं बोट फिरव." आणि लाकडी मूठ कुणी भांड्यांबरोबर पाण्यात बुडवली, की त्याची धडगत नसे. "स्वतः बसा की बादलीत. बघू, कसे फुगता ते."

त्या सकाळी खिडकीतला अक्रोडाचा तुकडा त्यांनी उचलला. भावाच्या नव्या चाकूला मूठ बसवून उरलेला. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला होता.

मावशी जागच्या जागी थांबल्या. हा तुकडा आणि भावाची मूठ, फळी एकच होती. ओलं लाकूड मूठ झाल्यावर आकसतं. खिळ्यांभोवती तडकतं. मग पकड सुटते आणि पातं आपोआप मिटतं. बोटांवर. भाऊ रोपवाटिकेत कलमं बांधायचा. चाकू दिवसभर हातात.

"पण मी ओठाला लावलं होतं," त्या मोठ्याने म्हणाल्या. खोलीत कुणी नव्हतं.

तसराळ्यात शिंगाचा तुकडा मऊ व्हायला घातला होता. त्यांनी तो पाण्यातून काढला आणि ओठाला टेकवला. काही लागलं नाही. बाहीवर थेंब पडला तेव्हा कळलं, हनुवटीवरून पाणी ओघळतंय. उजवीकडे टेकवला. गार. पुन्हा डावीकडे. काही नाही. आणि त्या कायम डावीकडेच लावत.

केर तसाच टाकून त्यांनी दार ओढलं आणि बस पकडली.

भावजय अंगणात कपडे वाळत घालत होती. "अगंबाई, वन्सं! न कळवता?"

"तो कुठंय?"

"मागे, कलमं बांधतायत. बसा, चहा टाकते."

"चाकू कसा चालतोय त्याचा?"

भावजय घुटमळली. "सांगू नको म्हणालेत. मूठ सैल झालीय. कलमाची पट्टी गुंडाळून चालवतात. म्हटलं, ताईंकडे द्या. तर म्हणे, तिच्या मनाला लागेल. तिची मूठ आजवर कधी परत आलेली नाही."

मावशी मागे धावल्या. रोपांच्या रांगेत भाऊ खोक्यावर बसला होता, पाठमोरा. हातात फांदी. पातं अंगठ्याकडे येत होतं. कलमाचा काप तसाच घेतात. पट्टीखाली मूठ हलताना लांबून दिसत होती. हाक ओठांवर आली आणि त्यांनी ती गिळली. दचकला असता तर? त्या मागे उभ्या राहिल्या. श्वास रोखून. पातं सालीत शिरलं, अडलं, थरथरलं, बाहेर आलं. भावाने ते पँटला पुसलं. दुसरी फांदी उचलायच्या आत मावशींनी हात पुढे केला.

"दे."

"ताई! कधी आलीस?" चाकू पाठीमागे गेला. खाऊ चोरताना सापडलेल्या पोरासारखा.

"दे म्हटलं ना."

त्यांनी पट्टी उलगडली. मुठीची एक बाजू दुभंगून तळहातावर पडली. पातं, कुणी हात न लावता, खटकन मिटलं.

दोघंही त्याकडे बघत राहिले.

मग भाऊ हसला. पंजा पसरून नाचवला. "आहेत सगळी, मोजून घे. आणि तोंड कशाला पाडतेस? अक्रोडाने दगा दिला, तू काय करणार?"

"अक्रोडाने नाही. ते ओलं होतं, मला कळलं नाही." त्यांनी ओठाच्या डाव्या कोपऱ्याला बोट लावलं. "इथं काही लागतच नाही."

"कधीपासून?"

"तेही कुठं कळलं."

भाऊ उठून जवळ आला. "हास बघू, ताई."

"खुळा आहेस का?"

"हास."

मावशी हसल्या. लहानपणी रडत्या भावाला हसवायला हसत, तशा. तोंडभर. भावाने बघितलं, उजवा गाल वर गेला होता, ओठाचा डावा कोपरा जागचा हलला नव्हता. मग घराकडे तोंड करून त्याने बायकोला हाक मारली. आवाज त्याचा वाटला नाही.

"चहा राहू दे. गाडी बोलाव, दवाखान्यात जायचंय. आत्ता."

मावशी तशाच हसत उभ्या होत्या. त्याने अजून पुरे म्हटलं नव्हतं.