निऱ्या पुढं

आज आईनं धुतलेली घोंगडी दोरीवर टाकली आणि ओल्या लोकरीच्या वासानं मी पुसेगावच्या अंगणातून थेट स्कॉटलंडमधल्या माझ्या विद्यापीठाच्या हॉलपाशी जाऊन पोचलो.

पदवीदानाला तिथली मुलं किल्ट नेसतात. चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंतचा लोकरीचा घागराच म्हणा. मित्रांच्या आग्रहानं मीही एक भाड्यानं आणला. नेसायचा कसा ते समजेना, म्हणून आईला व्हिडिओ कॉल केला.

"सोपं हाय की रे. निऱ्या पुढं घे अन् पट्टा आवळ," ती म्हणाली. आमच्या घरात लुगडं असो की धोतर, निऱ्या पुढंच.

कॉल चालू ठेवूनच मी बाहेर आलो, तर सगळे हसू लागले. मित्राच्या आजोबांनी जवळ येऊन हलक्या हातानं किल्ट फिरवून दिला. त्याच्या निऱ्या मागे असतात.

"कुणी नेसवलं?" त्यांनी मायेनं विचारलं.

"हिनं," म्हणत मी फोन सगळ्यांपुढे धरला आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो.

आईनं पदर तोंडाशी धरला. "का हसत्यात रे? माझं काय चुकलं का?"

घरातला पहिला पदवीधर तिनं गावभर सांगितला, पण त्या दिवसाचा फोटो कधी कुणाला दाखवला नाही. ती लाजते ते तिथल्या लोकांच्या हसण्याला, असं मी बरीच वर्षं मानत आलो.

आज घोंगडी झटकताना तिनं सहज विचारलं, "तिथं निऱ्या मागंच घेतात ना रे?"

"व्हय," मी म्हणालो. तिला सगळ्यांपुढे धरून हसलेला मीच होतो; तिच्याकडे बघवलं नाही.