खालच्या अंगाचं रान

आमच्या एकरभर रानात कपडे धुवायची माती पिकायची. दुसरं काही नाही. थंडी सरली की जमिनीवर मिठाची पांढरी साय धरायची. आई ती झाडून डब्यात भरायची आणि आमचे शाळेचे कपडे त्यात उकळायची. असल्या जमिनीला आमच्याकडे मीठफुटी म्हणतात. आमच्या बौद्ध वस्तीच्या वाट्याला ओढ्याकाठची, सगळ्यात खालच्या अंगाची रानं आली होती. वरच्या बांधावर ऊस. त्याचे मालक आठ-आठ दिवस पाट सोडून ठेवायचे आणि माझ्या वडिलांना, आबांना, बांधावरून ऐकवायचे, "जमीन राखायला अंगात पाणी लागतं, गड्या!"

पाणी त्यांचंच होतं, आमच्या रानात मुरलेलं, जमिनीतलं मीठ वर आणणारं. पण हे ठणकावून सांगायला आमच्याकडे शब्द नव्हते. आई-आबा त्यांच्याच उसात तण काढायला, भांगलणीला जायचे.

ते शब्द आणायला मी कोल्हापूरला शेतकी कॉलेजात गेले. घरात दहावीपुढे गेलेलं कुणी नव्हतं. वर्गात एकानं विचारलं, "रान किती तुमचं?" म्हटलं, "एकर. तेही नापीक." पोरं हसली. मी पुढं मातीचंच शास्त्र घेतलं. हट्टानं घेतलं.

कृषी खात्यात नोकरी लागली. आधी गारगोटीकडं, मग बदली होऊन आमच्याच शिरोळ तालुक्यात. एक दिवस आमच्या वरच्या बांधाचे मालक स्वतः माती तपासायला घेऊन ऑफिसात आले. मीठ वर चढून त्यांच्या उसापर्यंत पोचलं होतं. पिशवीतली माती मात्र काळीभोर, चाळून आणलेली.

"ही कुठली?"

"विहिरीजवळची. चांगली बघून आणलीया की."

"मालक, तपासायची माती हाय. पोरगी दाखवायला आणल्यागत नटवून कशाला आणलासा?"

शिपाई तोंड फिरवून हसला.

मी त्यांच्या उसात जाऊन खड्डा घेतला. हातभर खाली पाणी लागलं. उपाय एकच होता: जमिनीखाली भोकांचे पाईप पुरून ते पाणी ओढ्यात काढायचं. गावात बैठक बसली. मालक म्हणाले, "काम वरनं धरूया. खालच्यांचं मागनं बघू."

मी उभी राहिले. "मग पाणी जाणार कुठं? निचरा खालनं वर नेत्यात. पहिला पाईप आबांच्या रानात. न्हायतर माझी सही न्हाय."

"सरकारी पगार खाऊन बापाचं रान सुधारतीस व्हय?"

"व्हय! ओढा माझ्या बापाच्या रानाला लागून हाय, त्याला मी काय करू? तुम्हीच ढकललासा की आम्हाला तिकडं."

मग मालकांपुढं आजवर कधी तोंड न उघडलेले आबा उठले. "पाईप मोठा टाका. वरचं सगळं पाणी जन्मभर माझ्याच रानात आलंय. आता पाईपातनं येऊ दे."

पहिला चर आमच्या रानात खणला. दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन गेलं. आईला कपड्यांसाठी साबण आणावा लागला.

तिसऱ्या वर्षी आमच्या एकरात शाळू पिकला.