आठ दिवसांचा खण

"एकदाच विचारलंस तू!"

"एकदाच विचारतात. तू नाही म्हणालास."

"आई जातेय असं कुठं म्हणालास? बरं नाही म्हणालास. माणसाला अधूनमधून बरं नसतंच की!"

"मग काय हातापाया पडायचं होतं तुझ्या?"

हे भांडण मी माझ्या ओट्याशी भाजी चिरत ऐकलं. मुद्दाम कान लावून नव्हे. माझ्या ओट्याखालून पाण्याचा नळ खाली जातो, त्याच्याभोवती मुठीएवढं भोक आहे, आणि बरोबर खाली त्या दोघांतल्या धाकट्याचं दुकान. राहायला आले त्या वर्षी मी त्यात चिंधी कोंबली होती. मग एक दिवस काढून टाकली. एकट्या बाईला तेवढीच सोबत.

भांडणारे दोघे सख्खे भाऊ. थोरला शाळेत मास्तर, इथून चार तासांच्या वाटेवर राहणारा. आई त्याच्याकडे असायची. धाकटा आमचा हा, खाली कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. आईचं दुखणं वाढलं तेव्हा मास्तरने ह्याला एक फोन केला, "आईला बरं नाही, येतोस का?" ह्याच्यापुढे कुठल्याशा ऑफिसची अकरा मशीनं पोटं उघडी टाकून पडलेली. "आज नाही जमत रे दादा," म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुसरा फोन आला, तो सगळं आटोपल्याचा. मग मास्तर स्वतः आला, आईचा चष्मा द्यायला. तो टेबलावर आपटल्याचा आवाज मला वर ऐकू आला. काच फुटली नाही एवढंच.

त्यानंतर ह्याने जी सवय धरली तिच्यावरून अख्खा रस्ता त्याला 'एकदाच' म्हणायला लागला. तो कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा विचारत नसे. मी चहा देऊ का म्हटलं आणि तो नको म्हणाला, तर मी पुन्हा आग्रह केलेला त्याला खपत नसे. लग्न का नाही केलंस, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "विचारलं होतं एकीला. एकदा." आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. हसला की बरा दिसायचा. एरवी काडीपैलवान, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि रंगाचा एक झिजका ब्रश. त्या ब्रशने तो मशीनची धूळ काढायचा, बाळाचं तोंड पुसावं तशी.

त्याच्याकडे मशीनं यायची ती बहुतेक एकाच दुखण्याची: चालत नाही, अडकतं, भलतंसलतं दाखवतं. त्यावर इलाज एकच, फॉरमॅट. म्हणजे आतलं सगळं पुसायचं आणि नवं कोरं घालायचं. पुसायच्या आधी माणसाने आपलं सामान बाहेर काढून ठेवायचं असतं: फोटो, कागदपत्रं, काय असेल ते. हा ते काम स्वतः करत नसे. "तुमचं तुम्ही काढा, मी दुसऱ्याच्या कपाटात हात घालत नाही," असं तोंडावर सांगायचा. मग विचारायचा, "सगळं घेतलं?" लोक म्हणायचे, हो हो घेतलं. आणि हा पुसून मोकळा.

चार दिवसांनी तीच माणसं रडत यायची. कुणाचे लग्नाचे फोटो राहिले, कुणाचा पाच वर्षांचा अभ्यास. हा ऐकून घ्यायचा. "मी विचारलं होतं," म्हणायचा, आणि त्यांना रडू द्यायचा, चांगली पाच मिनिटं. भात शिजायला ठेवावा तसा घड्याळाकडे बघत बसायचा. मग टेबलाचा खालचा खण ओढल्याचा आवाज. तो खण जरा अडायचा, किरकिरत उघडायचा. त्यात एक काळी डबी असे. पुसायच्या आधी हा पठ्ठ्या प्रत्येकाचं सगळंच्या सगळं त्या डबीत उतरवून घ्यायचा आणि आठ दिवस ठेवायचा. "आज सहावा दिवस. नशीब तुमचं," म्हणून परत द्यायचा. नवव्या दिवशी सकाळी डबीही पुसायचा.

"अरे, आधीच सांगत का नाहीस?" मी म्हटलं. "त्यांचा जीव अर्धा होतो."

"सांगितलं तर कुणी स्वतः काही काढणारच नाही, आजी. सगळे माझ्या खणावर झोपा काढतील."

त्याच खणात आईचा चष्माही असायचा. त्याला मात्र आठ दिवसांचा नियम नव्हता.

मास्तर रिटायर झाला आणि बायकोसह आमच्याच भागात राहायला आला, दोन गल्ल्या पलीकडे. दोन वर्षं भावाच्या दुकानावरून जायचा तो समोरच्या बाजूने. मग त्याचं मशीन बिघडलं. त्याच्या बायकोने डोकं खाल्लं असणार, घरचा माणूस असताना बाहेर कशाला म्हणून. आला एकदाचा, मशीन चादरीत बांधून. मी गॅस बारीक केला.

"अडकतो फार," मास्तर म्हणाला.

"फॉरमॅट मारावं लागेल. सामान?"

"काढलंय. ह्या पेन ड्राइव्हवर."

"बघू."

बराच वेळ खाली नुसती माऊसची टिकटिक. मग ह्याने विचारलं, "सगळं घेतलं?"

"घेतलं म्हणालो ना. तुझ्यासारखं अर्धवट नसतं माझं काम."

"बरं," हा म्हणाला.

दुपारी चहाला वर आला तेव्हा तोंडावर हसू मावत नव्हतं. "आजी, मास्तरसाहेब पाट्या घेऊन आलेत."

"कसल्या पाट्या?"

मग त्याने मला समजावून सांगितलं. पडद्यावर पुढेच जी छोटी चित्रं दिसतात, त्यातल्या काहींच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण असतो. ते सामान नसतं. सामान आत कुठेतरी असतं, आणि बाण नुसता तिकडे बोट दाखवतो. मास्तरने ते बाणच उचलून पेन ड्राइव्हवर ठेवले होते. म्हणजे घर जागच्या जागी आणि हा दारावरची पाटी काढून घेऊन आलेला. घर पाडलं की पाटी कुठली दाखवणार?

"अरे मग सांग त्याला!"

"विचारलं की मी."

"निदान खणात तरी उतरवून ठेव."

त्याने चहा बशीत ओतला. "खण गिऱ्हाइकांसाठी आहे."

"काय लिहिलं होतं रे पाट्यांवर?"

"शाळेचं काहीबाही. आणि एकीवर आई." त्याने बशी तोंडाला लावली, संपवली. "अंत्यविधीचे फोटो असतील. त्यात मी नाहीच."

मला दोन गल्ल्या चालून जाता आलं असतं. गुडघे दुखतायत, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. गुडघे माझे रोजच दुखतात, तरी भाजी आणते. खरं म्हणजे मलाही वाटलं होतं, त्या ताठ मास्तरला खाली येऊन रडताना एकदा ऐकावं. खण काय, वेळ आली की हा उघडेलच, असं मी धरून चालले होते. आणि हा तो उघडेलही, पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटं रडवून, असं मला खरंच वाटलं होतं.

चौथ्या दिवशी मास्तर आला. रडत नव्हता. आवाज बसलेला.

"उघडत नाहीये. आई उघडत नाहीये."

"बाण आहेत ते. सामान आत होतं."

"मग आतून काढ."

"पुसलं."

"तू बघितले होतेस ते बाण?"

"बघितले."

"आणि?"

"एकदा विचारलं."

मी खणाच्या किरकिरीची वाट बघत होते. तो आवाज येईना.

मास्तर म्हणाला, "फोटो नव्हते रे त्यात. तिचं बोलणं होतं. शेवटचे चार महिने मी तिच्या उशाशी मोबाइल ठेवायचो. सत्तावीस वेळा घेतलं."

"काय बोलायची?"

"तुझ्याशी बोलायची."

खाली काहीतरी घरंगळलं. स्क्रू असेल.

"माझं नाव विसरली होती ती," मास्तर म्हणाला. "तुझं नाही विसरली. मी तिचं हगणंमुतणं काढायचो आणि ती मला तुझ्या नावाने हाक मारायची. जेवलास का, बारीक झालास, दादाचं मनावर घेऊ नकोस. हे सगळं मला. चार महिने मी तू होऊन हो हो म्हणत होतो. म्हणून एकदाच विचारलं तुला. दुसऱ्यांदा विचारायला जीभ उचलली नाही."

"मला कधी ऐकवलं का नाहीस?"

"तू कधी मागितलंस?"

"मला माहीत तरी होतं का!"

"आता झालं माहीत," मास्तर म्हणाला.

मला वाटलं आता हाणामारी होते. नुसती खुर्ची सरकली.

पुढचे एकोणीस दिवस ह्याने मास्तरचं सोडून दुसऱ्या कुणाचं मशीन हातात घेतलं नाही. पुसलेलं परत काढायच्या काही युक्त्या असतात म्हणे, पण त्याला वर नवं काही पडलेलं नसावं लागतं. आणि ह्याने तर पुसल्यावर मुद्दाम वर भलतंच काठोकाठ भरलं होतं. कुणाच्याच मशीनला तो तसं करत नसे. हे त्याने स्वतःच मला सांगितलं, चहाच्या बशीत बघत. "बारीक काम केलं, आजी. इतकं चोख कधी केलं नव्हतं."

निघाला एक तुकडा. नऊ सेकंदांचा. त्यात पंख्याची घरघर आणि शेवटी एक खोकला.

मास्तरला बोलावलं. दोघे पुन्हा पुन्हा ऐकत बसले. मी मोजलं, चाळीसपर्यंत.

"आई आहे ही," हा म्हणायचा.

"नाही. मी आहे. मला सर्दी होती तेव्हा."

"आईच आहे. ती अशीच खोकायची."

"चौदा वर्षं ती माझ्याकडे होती, तू ऐकलंस कुठं तिला खोकताना? मी आहे म्हणतो ना!"

मला तर तो खोकला वाटतच नव्हता, स्टूल सरकल्यासारखं वाटायचं. पण मला कुणी विचारलं नाही.

ते नऊ सेकंद मास्तर घेऊन गेला आणि आपल्या मशीनवर अगदी पुढे ठेवले, ह्या वेळी बाण नसलेले. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. लोकांना वाटलं, आता हा निवळेल, दोनदा विचारायला लागेल. छे. तोच खण, तेच आठ दिवस, तीच पाच मिनिटं.

तीन वर्षांनी मास्तर वारला. महिन्याभराने त्याच्या बायकोने ह्याला बोलावलं. मशीन नातीला द्यायचं होतं, कोरं करून. ती मागाहून मला म्हणाली, "भाऊजींनी विचारलं, सगळं घेतलं? मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, काही नको."

ह्याने मशीन मास्तरच्या जुन्या चादरीत बांधून दुकानात आणलं, आणि ह्या वेळी नेहमीसारखं सगळं डबीत उतरवून घेतलं. खण किरकिरला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"ऐकलेस का ते नऊ सेकंद?" चहाला आल्यावर मी विचारलं. रंग उडालेला होता त्याचा, जिना चढून धाप लागली होती.

"दुसऱ्याच्या कपाटात हात घालत नाही मी."

"अरे, आई आहे ना तुझी ती?"

"दादा म्हणायचा, तो आहे."

"मग भाऊ म्हणून ठेव. तुझ्याकडे त्याचं तरी काय आहे?"

"आठ दिवस आहेत. मागायला कुणी आलं तर देईन."

"कोण येणार मुडद्या? तूच माग."

"मी कुठं गिऱ्हाईक आहे," म्हणाला, आणि बशी विसळून पालथी घातली.

पाचवा दिवस गेला, सातवा गेला. आठव्या दिवशी मी दोनदा जिना उतरले आणि अर्ध्यातून परत वर आले. ते माझं नव्हतं, मी काय म्हणून मागू? कुणीच आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी खण उघडला, डबी पुसायला लागतो तेवढ्या वेळाने लागला. मग ह्याने मशीन त्याच चादरीत बांधलं, वर गाठ मारली, खांद्यावर घेतलं आणि दोन गल्ल्या चालत गेला. वाटेत दोनदा टेकला म्हणे, पण कुणाला हात लावू दिला नाही. वहिनीच्या टेबलावर मशीन मांडलं, वायरी जोडल्या, खिशातला ब्रश काढून मागची जाळी झटकली, बटण दाबलं. दिवा लागला. पडदा कोरा करकरीत.

"चालतोय ना?" त्याने विचारलं.

"चालतोय," वहिनी म्हणाली.

त्याने चादरीची चौपदरी घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि जिना उतरला.