डोलकाठीची गुढी

होडीची डोलकाठी काढणं फार सोपं असतं. ती आपली आपण पडते.

हे ज्ञान मला कलकत्त्यात, ढाकुरियाच्या तळ्यात, गळ्याएवढ्या पाण्यात उभं असताना झालं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी बँकेत अधिकारी, बिऱ्हाड बालीगंजला दुसऱ्या मजल्यावर, आणि तीन वर्षं एकच ध्यास: रत्नागिरीला बदली. तिथे वत्सलाचे (ही माझी बायको) वडील एकटे असत. अर्जावर शेरा मारणार आमचे साहेब, घोषालबाबू. आणि घोषालबाबूंचा सगळा जीव त्यांच्या चिमुकल्या शिडाच्या होडीत.

"मिस्टर आपटे, तुम्ही कोकणचे. होडीतलं कळत असेल?"

"रक्तातच आहे, सर," मी म्हणालो. (रक्तात असेलही. डोक्यात नव्हतं. आमचं गाव डोंगरावर, आणि लाँचमध्ये पाय ठेवला की मला उमासे येतात.)

काम एवढंच होतं: डोलकाठी उतरवायची, घासून व्हार्निश मारायचं आणि रविवारी चारच्या आत परत उभी करायची. दिल्लीहून आलेले साहेबांचे जावई त्या दिवशी नौकाविहार करणार होते. डोलकाठी तीन तारांनी ताणून धरलेली असते. मी आधी तिन्ही तारा सोडल्या. मग ती धरणार कोण, हा विचार माझ्या मनात आला. डोलकाठीच्या मनात तो माझ्याआधी येऊन गेला होता.

ती घरी आणली, चार दिवस खपून आरशासारखी चकचकीत केली आणि गॅलरीत वाळत ठेवली. रविवारी सकाळी आंघोळ करून बाहेर येतो तो काय, डोलकाठी उभी! टोकाला वत्सलाचा लग्नातला शालू, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर उपडा तांब्या. त्या दिवशी पाडवा होता.

"अगं, ही साहेबांची डोलकाठी आहे."

"असू दे. मागच्या पाडव्याला मच्छरदाणीच्या दांडीवर गुढी उभारली होती मी. यंदा कुठे बरी काठी घरात आलीय."

"चारच्या आत तळ्यावर लावायचीय. साहेब चिडले तर बदली गेली."

"आणि सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवली तर वर्ष गेलं. न्यायची तर आहे तशी न्या. शालू सोडायचा नाही आणि आडवी करायची नाही."

झालं. दोरानं गॅलरीतून उभीच्या उभी खाली सोडली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेजारचे दत्तबाबू, मागे आरतीचं तबक घेऊन वत्सला. रस्त्यावर आलो आणि वर पाहिलं तर ट्रामच्या विजेच्या तारा.

"तिरपी करा," मागून हुकूम आला. "नमस्कार करतेय असं वाटलं पाहिजे. आडवी नको."

गुढीनं कलकत्ता ट्रामवेला वाकून नमस्कार केला. ट्राम थांबली. आतल्या लोकांनी उलट हात जोडले. एकानं खिडकीतून विचारलं, "कोणती देवी, दादा?"

"मुंबईची," दत्तबाबूंनी ठोकून दिलं. "फार कडक आहे."

तळ्यावर मी या खेपेला तारा आधी आवळल्या. डोलकाठी ताठ उभी राहिली. मी कृतार्थ होऊन होडीतच बसलो, तेवढ्यात घोषालबाबू आले. बरोबर पांढऱ्याशुभ्र पँटमधले जावई.

"आपटे, शीड चढवा."

शीड चढवायचा दोर टोकाच्या कप्पीतून ओवावा लागतो, आणि तो काठी उभी करायच्या आधी ओवावा लागतो, हे मला त्या क्षणी कळलं. कप्पी तांब्याच्या आत होती. तांब्या ताज्या व्हार्निशला घट्ट चिकटला होता.

इतक्यात चैत्रातला वारा सुटला. शालू टरारून फुगला आणि होडी चालू लागली. (होडी खुंटाला बांधायची असते, हेही माझ्या रक्तात नव्हतं.)

"अहो, शालूची जर सांभाळा!" वत्सला काठाकाठानं धावत होती.

"अगं, मी बुडेन."

"तुम्हाला पोहता येतं. शालूला येत नाही."

पलीकडच्या जलपर्णीत होडी रुतली तेव्हा मी गुढीला मिठी मारून डोळे मिटले होते. उघडले तर तळ्याला वळसा घालून आलेले घोषालबाबू समोर. चेहऱ्यावर परमानंद.

"अपूर्व, आपटे! होडीला साडी नेसवायचं आम्हा बंगाल्यांनाही कधी सुचलं नाही."

सूर्यास्तापर्यंत जावई त्याच शालूवर फिरले. वत्सलानं सर्वांना गाठीचा तुकडा दिला. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

आठवड्यानं अर्ज परत आला. नामंजूर. शेरा: 'यांच्यावाचून माझं अडेल.' शेवटी सासरेच रत्नागिरीचं बिऱ्हाड आवरून आमच्याकडे राहायला आले. मी मात्र धीर करून साहेबांना विचारलं, "सर, शेऱ्यात माझ्या बँकेतल्या कामाबद्दल एक अक्षर नाही?"

"आपटे," ते मायेनं म्हणाले, "ते लिहिलं असतं तर तुम्हाला दुसऱ्याच दिवशी हलवलं असतं."