पेढे वेचणारं पिल्लू

"भडंगाचा हात रिमोटला लावायचा न्हाई. आदी धुवून यायचं." रविवारी मामांच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य हे. आष्ट्यात ते मिक्सर-पंखे दुरुस्त करायचे; नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. दुकानाबाहेर बादली, साबणाची वडी आणि धुतलेला नॅपकिन ठेवलेला असायचा. एका वकीलसाहेबांनाही त्यांनी हात धुवायला बाहेर पिटाळलेलं मी पाहिलंय.

मी सांगलीत कारकून. चाळिशी ओलांडलेला माणूस दर रविवारी मोटारसायकल काढून व्हिडिओ गेम खेळायला आष्ट्याला जातो, याचं माझ्या बायकोला हसू यायचं. येऊ दे की! आम्ही पाच-सहा जण होतो, एक तर थेट साताऱ्याहून यायचा. लहानपणी भाड्यानं आणायचो तसल्याच कॅसेटी, फुगीर काचेचा टीव्ही, दोन रिमोट. खेळणं कमी आणि वाद जास्त. सातारकर म्हणायचा, हल्ली चित्रं किती खरी दिसतात, हे ठोकळे काय बघायचे? मामा म्हणायचे, ठोकळा हाय म्हणूनच तुझं डोकं चालतंय. मग त्यांचं ठरलेलं गाऱ्हाणं सुरू व्हायचं. नव्या गेमात गाडी पळवावी तर वाटेत थंड पेयाची पाटी, बॅट हातात घ्यावी तर तिच्यावर कुठल्यातरी कंपनीचं नाव. "खेळाय बसलोय का बाजाराला आलोय?" असं म्हणून ते स्क्रू ड्रायव्हर कानामागं खोचायचे.

त्यांच्या मते निर्मळ गेम एकच. त्यात एक पिवळं पिल्लू कौलांवरून उड्या मारत गोल गोल काहीतरी वेचत सुटतं. मामा त्याला कंदी पेढे म्हणायचे. "ह्यात कुनी काय विकत न्हाई. पिल्लू हाय, पेढं हायत. बास." माझी उडी चुकली की पाठीत धपाटा बसायचा, "लवकर दाबलंस, गाढवा." खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. वडील गेल्यापासून मला असं हक्कानं ओरडणारं कुणी उरलं नव्हतं.

एकदा मोबाईलवर शोधताना मला कळलं, की ते पिल्लू परदेशातल्या एका बिस्कीट कंपनीचं. पेढे म्हणजे तिचीच बिस्किटं. अख्खा गेमच जाहिरातीसाठी केलेला. आपल्याकडं आलेल्या नकली कॅसेटींतून कंपनीचं नाव तेवढं पुसलेलं. मी पोटभर हसलो आणि ठरवलं, मामांना हे सांगायचं नाही. दोन वर्षं सांगितलंही नाही.

मग सांगलीत एका चिप्स कंपनीनं जुन्या गेमांची स्पर्धा भरवली. माझा दुसरा नंबर आला. बक्षिसाचा टी-शर्ट घालून मी आष्ट्याला गेलो, कौतुक होईल म्हणून. मामांनी मला सगळ्यांसमोर पाठमोरं उभं केलं, पाठीवर छापलेलं चिप्सचं पाकीट दाखवलं आणि म्हणाले, फुकटच्या कापडाला विकला गेला गडी. सगळे हसले. माझं टाळकं सरकलं. मी मोबाईल काढला आणि पिल्लाचा मूळ गेम त्यांच्या नाकासमोर धरला. पहिल्याच चित्रात पिल्लू आणि शेजारी बिस्किटांचा पुडा.

मामांनी चष्मा पुसून परत बघितलं. मला वाटलं, आता वाद घालतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कवापासनं ठावं हाय तुला?"

"दोन वर्षं झाली."

त्या दिवशी बैठक लवकर मोडली. पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन माफी मागितली. पंख्याची वायर गुंडाळत ते म्हणाले, "गेमचं काय न्हाई रं. कंपनीचा असंल, पर लय चांगला केलाय. तू दोन वर्सं माझ्यासाठी झाकून ठिवलंस आणि मग मलाच मारायला भाईर काढलंस."

त्यानंतर ते माझ्याशी चांगलंच वागले. खुर्ची पुढं करायचे, चहा आधी मला द्यायचे. उडी चुकली तर "असू दे" म्हणायचे. धपाटे बाकीच्यांना. एकदा मी मुद्दाम तीनदा चुकलो. ते खिडकीबाहेर बघत बसले.

श्रावणात मामा हृदयविकारानं गेले. स्मशानातून परतताना सातारकर डोळे पुसत म्हणाला, आता आपल्याला ओरडणारं कुणी राहिलं नाही. मी मान हलवली. मामा मला शेवटचं ओरडले, त्याला आठ महिने झाले होते.