येळवशीचा पाहुणा तारा

लसणाची फोडणी दिलेल्या आंबिलीचा आंबूस वास कोपीत भरून राहिला होता आणि बाहेर उतरतीचं ऊन ज्वारीच्या पानांवर पिवळं होत चाललं होतं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी नळदुर्गकडच्या आमच्या शेतात, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून, सगळं घर जेवतं. जेवण झालं तरी माझं मन ठिकाणावर नव्हतं.

चार दिवसांपूर्वी वाचलेली एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. हजारेक वर्षांपूर्वी वृषभाच्या शिंगापाशी एक तारा फुटला. चिनी ज्योतिषांनी त्याला पाहुणा तारा म्हटलं. तेवीस दिवस तो भर दिवसा दिसला, रात्री जवळजवळ दोन वर्षं. सुरुवात पावसाळ्यातली, म्हणजे आपल्याकडे ढग असतील, हे मान्य. पण पुढच्या दोन येळवशी? तेव्हा आभाळ निरभ्रच असणार. तरी आपल्याकडे त्याची नोंद सापडत नाही; मग या रानात कुणालाच तो दिसला नसेल?

हे मी आईला सांगत होतो. ती आंबील ओतत होती, आणि धार ग्लासाच्या डाव्या अंगाला, थेट मातीत पडली. मी ग्लास सरकवला, तरी पुन्हा मातीतच.

“आत्या, पांडवांचं झालं, आता भुईलाबी निवद का?” बायको हसली. आई हसली नाही.

“डाव्या डोळ्यात चांदण्या फुटत्यात,” ती म्हणाली. “आता कडंनं पडदा आल्यावानी झालंय.”

“कधीपासून?”

“ज्वारी पोटऱ्यात आली तवापासून. म्हणलं, येळवस होऊ दे, मग सांगावं.”

सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनीही तोच प्रश्न केला. समोरच्या, पोटरीतून निसवून बाहेर आलेल्या कणसांवरून मागं मोजत मी दिवस सांगितले. डोळ्याच्या आतला पडदा सुटत असावा, लगेच निघा, ते म्हणाले. दृष्टी राहील का, ते तपासल्यावरच कळेल.

हमरस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून वाट काढताना आरशात पूर्वेचं आभाळ काळं होत गेलं. तिथं कुठंतरी तांबूस रोहिणी उगवली असेल आणि तिच्या पलीकडे पाहुण्या ताऱ्याची ती रिकामी जागा. तेव्हाही याच रानातल्या एखाद्या बाईनं तो तारा पाहिला असेल, पिकावरून त्याचे दिवसही धरून ठेवले असतील. तिला विचारणारं कुणी नसेल. मागच्या सीटवर आई डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून बसली होती. सोलापूर अजून लांब होतं.

आत्ता काय दिसतंय, मी विचारलं. आणि ती सांगू लागली.