व्याह्यांचं मूळ गाव

जगातल्या कुठल्याही दोन माणसांचं नातं पाच मिनिटांत लावून देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा व्याही आहे. भाजीवाली असो, बँकेतला शिपाई असो, की काशीदच्या वाळूत फोटो काढणारं पुण्याचं नवं जोडपं असो, व्याही समोर उभे राहतात आणि माणूस आफ्रिकेतून निघाला तिथपासून सुरुवात करतात. उरणच्या शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला. निवृत्त होऊन काशीदला घर बांधलं, पण तास घ्यायची सवय काही सुटली नाही. जेवायला बसले की वरणभातात बोटाने तांबडा समुद्र काढतात, तो ओलांडून अरबस्तानच्या काठाकाठाने लोणच्यापाशी येतात आणि "हे आपलं कोकण!" म्हणून फोड तोंडात टाकतात. तिथून पुढे माणूस ऑस्ट्रेलियाला पोचेपर्यंत ताटातला भात गार झालेला असतो.

आदिमानव किनाऱ्याने, शिंपल्या वेचत आणि खात इकडे आला, यावर त्यांची फार श्रद्धा. एकदा तर त्याचा अनुभव घ्यायला ते अनवाणी, बरोबर काही न घेता मुरूडकडे निघाले. समुद्र देईल तेवढंच खायचं, असा पण केला होता. दुपारी मी शोधायला गेलो, तर एका टपरीवर वडापाव खात बसलेले. टपरीवाल्याशी नातं लावून झालं होतं. मला म्हणाले, "आदिमानवालासुद्धा वाटेत कुणीतरी खाऊ घातलंच असेल की! माणूस काय एकट्याच्या जिवावर जगभर पोचला?" घरामागे त्यांनी खाल्लेल्या शिंपल्यांचा भलामोठा ढीग जपलाय, का तर पुढे उत्खनन करणाऱ्यांना उपयोगी पडेल. विहीणबाई त्या ढिगापायी टेकीला आल्यात. "अवो, पाव्हणं नाकाला पदर लावत्यात," असं त्या म्हणाल्या की यांचं उत्तर ठरलेलं, "हजारेक वर्षं कळ काढ, वास जाईल."

'मूळ गाव कोणतं?' हा आपल्या लोकांचा आवडता प्रश्न. विचारणाऱ्याला गाव नको असतं, त्याला काय हवं असतं ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. व्याही बिनदिक्कत सांगतात, "पूर्व आफ्रिका." तरुणपणी उरणला खोली शोधताना एका घरमालकाने विचारलं, तेव्हाही हेच उत्तर. मालक म्हणाला, "न्हाय वो मास्तर, तसं गाव न्हाय." यांनी सांगितलं, "तसंच गाव. तुमचं-आमचं एकच हाय, बघा." खोली मिळाली नाही. हा किस्सा सांगताना ते स्वतः इतके हसतात की ऐकणाराही हसून मोकळा होतो.

ही सगळी मजा मला नंतर कळली. पहिल्यांदा ते आमच्याकडे आले ते त्यांच्या मुलीच्या आणि माझ्या मुलाच्या लग्नाचं बोलायला. आम्ही आतल्या गावातले भातशेतीवाले, भावकी मोठी. ते बौद्ध, हे मुलाने मला आधीच सांगितलं होतं. "लग्न आम्ही करणारच आहोत, बाबा," तो म्हणाला होता, "पण तिला या घरात माणूस म्हणून यायचंय, पाहुणी म्हणून नाही. नीट बोला." मी मान हलवली होती. आणि तरीही, सगळी पडवीत बसल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, मी विचारलंच, "तुमचं मूळ गाव कोणतं म्हणालात?"

मुलीने चटकन बापाकडे पाहिलं. आता आफ्रिका निघणार आणि सगळं फिसकटणार, असं तिला वाटलं असावं. पण व्याह्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि हळूच सांगितलं, "तळा तालुक्यात. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडी हाय, तिथलं."

मी घसा साफ केला. तेवढ्यात माझी बायको आतून आली आणि तिने त्यांना विचारलं, "साखर किती घालू?" ते म्हणाले, "दोन चमचे." चहावरून बोलणं जेवणावर गेलं, जेवणावरून तारखेवर.

परवा ओहोटीला आम्ही दोघं काशीदला खडकांवर कालवं फोडत बसलो होतो. मी धीर करून म्हणालो, "व्याही, त्या दिवशी मी गाव विचारायला नको होतं. मला सगळं ठाऊक होतं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "विचारतात हो सगळे. त्याचं काय नाही. पण ऐकून झालं की लोक लगेच म्हणतात, 'आम्ही असलं काही मानत नाही हां.' ते ऐकून घरी आलो की मला जेवण जात न्हाय. तुमच्या घरात ते कुणी म्हणालं नाही. विहीणबाईंनी सरळ साखर विचारली. मी हिला गाडीतच म्हटलं, पोरगी सुखात राहील."

'मानत नाही' हे वाक्य त्या दिवशी माझ्या ओठांवर आलेलं होतं, अगदी त्याच शब्दांत. बायको क्षणभर उशिरा आली असती तर मी ते बोललो असतो, आणि वर आपलं मन केवढं मोठं म्हणून रात्री शांत झोपलोही असतो. हे त्यांना सांगून टाकावं असं फार वाटलं. पण त्यांनी फोडलेलं कालव माझ्या हातावर ठेवलं, आणि मी ते मुकाट्याने खाल्लं.